नागपुरात उत्क्रांती शिकायला येणाऱ्या आपल्याकडच्या पोरांसाठी

दरवर्षी जुलैत सांगली-तासगावकडून कुणाच्या तरी आईचा फोन येतो. "ताई, पोरीला नागपूरला घातलंय बीएस्सीला. तिला उत्क्रांतीच शिकायचीय म्हणे. जरा बघाल का?" मी बघते. पोरगी महाराष्ट्र एक्सप्रेसमधून अंग आंबवून उतरते आणि रिक्षात बसायच्या आत सांगते, "पुण्यात नंबर लागला नाही, म्हणून इकडे."

2009 साली मीही हेच बोलले होते, तेही घरमालकीण काकूंसमोर. त्या भाजी निवडत म्हणाल्या, "मंग काहून आली वं इथं?" पुढे दोन महिने मला कुणी चहाला बोलावलं नाही. तेव्हा हे वाक्य मिरजेच्या फलाटावरच सोडून या.

'उत्क्रांतीशास्त्रात बीएस्सी' अशी पाटी शोधत हिंडू नका. प्राणिशास्त्र घ्या, जोडीला वनस्पतिशास्त्र. उत्क्रांती एखाद्या सत्रात पेपर म्हणून येते, बाकीची जनुकशास्त्र, भ्रूणशास्त्र आणि पर्यावरणातून स्वतः वेचायची. खोली कॉलेजपासून चालत जाता येईल अशी बघा. मूळ दाखला कुणाच्या हातात देण्याआधी त्याच्या पाच झेरॉक्स काढा. कागदांचं एवढंच.

आता गणित. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण मान डोलावून विसरतो. अकरावीत मी गणित सोडलं. "जीवशास्त्रवाल्यांना काय करायचंय," असं शेजारच्या दादाने सांगितलं होतं. तो मेडिकलला निघाला होता, त्याचं बरोबर असेल. माझं नव्हतं. हार्डी-वाईनबर्ग समतोल, म्हणजे निवड वगैरे काही घडत नसेल तर जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं हा नियम, उत्क्रांतीचा पाढा समजा. तो 1908 साली ज्या दोघांनी वेगवेगळा मांडला, त्यातला हार्डी पक्का गणिती होता. फिशर, हॉल्डेन, राइट या शास्त्रज्ञांनी डार्विनची निवड आणि मेंडेलची आनुवंशिकता यांची सोयरीक जुळवली तीही आकडेमोडीनेच.

मला हे कळलं तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत. फळमाशीचा प्रकल्प केला होता. खुरट्या पंखांच्या आणि साध्या पंखांच्या माश्यांचा संकर, दुसऱ्या पिढीत 240 माश्या. इथर देऊन गुंगवायच्या, पांढऱ्या टाइलवर पसरायच्या, बारीक कुंचल्याने एकेक बाजूला सारत मोजायच्या. साध्या भरल्या 168, खुरट्या 72. मेंडेलच्या तीनास एक या हिशोबाने 180 आणि 60 हव्या होत्या. बारा खुरट्या जास्त! मी अहवालात ठोकून दिलं की नागपूरच्या उन्हात खुरटे पंख फायद्याचे ठरत असावेत. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. "काय-स्क्वेअर काढलं का?" मला शब्दच नवा. अपेक्षेपेक्षा पडलेला फरक खरा की योगायोगाचा, ते तपासायचं हे गणित. त्यांनी माझ्याच अहवालाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढून दाखवलं: बाराचा वर्ग 144; 144 भागिले 180, अधिक 144 भागिले 60, झाले 3.2. मर्यादा 3.84 ची. म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. माझा शोध दोन मिनिटांत निकालात निघाला.

गुण गेले ते गेले. पण पुढे एमएस्सीच्या एका प्रवेश परीक्षेत गणिताच्या भागाने मला आपटलं आणि अख्खं वर्ष घरी गेलं. वडिलांनी द्राक्षबागेचं कर्ज बाजूला ठेवून फी भरली होती. म्हणून सांगते, बारावीला गणित सोडलं असेल तर पहिल्याच वर्षी संख्याशास्त्राचा जो पेपर घेता येईल तो घ्या. नसेल तर संख्याशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा, कुणी हाकलत नाही. मला नाही हाकललं. फक्त मी गेले तेव्हा उशीर झाला होता.

माश्या 240 च का, हेही ऐका. मी प्रयोग मार्चअखेर सुरू केला. फळमाशीला 25 अंश मानवतात. तीसच्या आसपास नर वांझ होऊ लागतात. इथे एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, मेमध्ये पंचेचाळीसही. एका शनिवारी लाइट गेली, बीओडी (तापमान ठरावीक ठेवणारं कपाट) बंद पडला, चावी ज्यांच्याकडे होती ते गावाला. सोमवारी बाटल्यांमधल्या रवा-गुळाच्या खाद्यावर बुरशीची साय आणि माश्या तळाला. मोजायला उरल्या त्या एवढ्याच. माश्यांचं जे काही करायचं ते दिवाळीच्या आगेमागे उरका. आपल्याकडच्या हवेच्या हिशोबाने इथलं वेळापत्रक आखू नका.

मराठी माध्यमातून आलेल्यांना शब्द छळतात, पण इंग्रजी शब्दांपेक्षा मराठी जास्त. क्लासमध्ये नैसर्गिक निवड म्हणजे 'बळी तो कान पिळी' असं शिकवलेलं असतं. ते डोक्यातून काढा. 'फिटनेस' म्हणजे तंदुरुस्ती नव्हे, मागे किती पिल्लं उरली त्याचा हिशोब आहे. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ दांपत्य 1973 पासून फिंच पक्षी मोजत होतं. 1977 च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या आणि जाड चोचीचे जास्त तगले. पुढे 1983 ला धो-धो पाऊस झाला, बारीक बिया माजल्या आणि पारडं लहान चोचींकडे झुकलं. यात कोण बळी आणि कुणाचा कान?

गॅलापागोसवरून आठवलं. आपली पोरं खोलीत बसून तिथले व्हिडिओ बघतात आणि "इथे काय आहे" म्हणून उसासे टाकतात. चार तासगावकर एका खोलीत, चौघांच्या तोंडी दर वाक्याला "आमच्याकडे". आमच्याकडे पाणी, आमच्याकडे हवा. मलाही भाकरीच्या आठवणीने रडू यायचं. पण बाबांनो, तुम्ही बसलाय कुठे ते बघा. नागपूरजवळच्या टाकळीला स्टीफन हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख आणि झाडांची फळं शोधली, दगड झालेली. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं 1859 ला. हिस्लॉप आणि त्याचा सोबती मिशनरी हंटर यांचा नागपूरच्या भूगर्भावरचा निबंध त्याच्या चार वर्षं आधी लंडनमध्ये छापून आला होता. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटकडून परतताना नाल्याच्या पुरात बुडाला. त्याच्या नावाच्या कॉलेजवरून तुम्ही रोज जाल, निदान माणूस कोण होता ते माहीत असू द्या.

आणि वरोऱ्याजवळचं पिसदुरा. तिथे डायनोसॉरची शेणं सापडतात, दगड झालेली. त्यांत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. 2005 साली ते प्रसिद्ध झालं, तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच असं धरून चालत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा उन्हात तासभर ढेकळंच ढेकळं दिसली. सोबतच्या सरांनी एक ढेकूळ तळहातावर ठेवलं. बटाट्याएवढं, करडं, अपेक्षेपेक्षा जड. "हे चावून झालेलं आहे," एवढंच म्हणाले. शिक्षकांसोबतच जा, शेतमालकाला विचारा, काही उचलून आणू नका. पेंच-ताडोबात तर परवानगीशिवाय फुलपाखरूही पकडायचं नाही.

माणसांबद्दल थोडं. नागपूरकर नाही म्हणत नाही. "पाहू ना" म्हणाला की समजा काम झालं नाही. "करून राहिलो" म्हणाला तर अजून सुरू केलेलं नाही. पण आजारी पडलात तर हाच माणूस रात्री अकराला खिचडी घेऊन दारात उभा राहतो. हे मी पुढे पुण्यात काढलेल्या तीन वर्षांत पाहिलं नाही. तर्री पोहे पहिल्या दिवशी रिकाम्या पोटी खाऊ नका. कूलर मार्चमध्येच घ्या, एप्रिलात भाव चढतात.

येताना भाकरीचं पीठ आणू नका, ज्वारी इथेही पिकते. दहापटीचं एक चांगलं भिंग आणा, गळ्यात अडकवता येईल असं. आणि फोन रात्री नऊनंतर करा, त्याआधी मी शिकवणीला असते. गणिताच्या.