आसपास उगवणाऱ्या वनस्पती स्वयंपाकात आणि घरगुती उपचारात कशा वापराव्यात

पहिल्या वर्षी तीनच वनस्पती शिका. पुदिना आणि तुळस कुंडीत लावता येतात, आणि घोळ ही रानभाजी न लावताच उगवते. एवढ्या तिघी पक्क्या झाल्या की चौथीला हात घाला. पन्नास वनस्पतींची अर्धवट ओळख असलेला माणूस त्यांच्यापासून दूर राहणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, असं माझं मत आहे.

१. आधी ओळख पटवा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. एखादी वनस्पती कोवळी असताना, फुलावर आल्यावर आणि बी धरल्यावर अशी तिन्ही वेळा पाहिल्याशिवाय ती ओळखीची झाली असं समजू नका.

घोळीचंच बघा. ही जमिनीलगत पसरते, देठ लालसर आणि रसरशीत, पानं गुळगुळीत आणि जाड. तिच्याच शेजारी दुधी नावाचं तणही तसंच लोळत वाढतं (भोपळ्याशी त्याचा संबंध नाही). देठ मोडून पाहा. दुधीतून पांढरा चीक येतो, घोळीतून पाण्यासारखा रस. चीक दिसला तर ते टाकून द्या आणि हात धुवा, डोळ्यांना लागला तर फार आग होते. ही खूण मात्र याच जोडीपुरती आहे. चीक नाही म्हणून दुसरं कुठलंही झाड खाण्याजोगं ठरत नाही.

वासावरही फार भिस्त ठेवू नये. पानओव्याचं पान चुरगळलं की ओव्याचा वास येतो, कारण थायमॉल, कार्व्हाक्रॉल यांसारखी तेलं. पण पानओवा पुदिना-तुळशीच्या कुळातला, आणि ओवा कोथिंबीर-बडीशेपेच्या. पहिल्या कुळाची खूण सोपी आहे: खोड बहुधा चौकोनी, पानं समोरासमोर. दुसऱ्या कुळातली रानात उगवलेली झाडं नवशिक्याने तोडूच नयेत. पार्सलीसारखं दिसणारं विषारी हेमलॉक त्याच कुळातलं आहे. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला पाजलेलं विष त्याचंच होतं, असं मानलं जातं.

नावंही फसवतात. ‘ब्राह्मी’ म्हणून कुणी बॅकोपा मोनिएरी दाखवतो, कुणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. दोन्ही अगदी वेगळ्या वनस्पती. म्हणून वहीत बोलीतल्या नावाशेजारी शास्त्रीय नावही लिहून ठेवा.

२. तोडणी

दव सुकल्यावर आणि ऊन तापण्याआधी तोडा. पानं हवी असतील तर फुलं येण्याच्या आधी. एका झाडाचा तिसऱ्या भागाहून जास्त पाला घेऊ नका. रस्त्याची कड, सांडपाण्याचा काठ आणि फवारणी झालेली जागा टाळा. तिथली घोळ कितीही तजेलदार दिसली तरी.

३. वाळवणे आणि साठवणे

माझा पहिला पुदिना मी गच्चीत कडक उन्हात वाळवला. दोन दिवसांत पानं तपकिरी झाली आणि वास गवताच्या पेंढीसारखा येऊ लागला. दुसऱ्या खेपेला सावलीत वाळवला, पण घाईने बरणीत भरला, आणि आठवड्याने आत बुरशी. वास आणि गुण ज्या तेलांत असतात ती उडून जाणारी असतात, त्यामुळे सावली, वारा आणि साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंतची ऊब पुरे. पान चुरगळल्यावर कुरकुरत मोडलं आणि देठ वाकण्याऐवजी तुटला, की वाळलं समजावं.

बरणी घट्ट झाकणाची असावी आणि अंधारात ठेवावी. त्यावर चिठ्ठी लावा: नाव, कोणता भाग, तारीख. वर्षभरात वापरा. झाकण उघडल्यावर वास येईनासा झाला, तर वर्षाची वाट न पाहता टाकून द्या.

४. स्वयंपाकात

ताजा एक मोठा चमचा म्हणजे वाळलेला साधारण एक छोटा चमचा. तमालपत्र, रोजमेरी, थाईम अशी चिवट पानं सुरुवातीला घाला, त्यांना वेळ लागतो. कोथिंबीर, पुदिना गॅस बंद करताना. आल्याची सुंठ झाली की ती जास्त झणझणीत लागते, कारण वाळताना आल्यातल्या जिंजरॉलचं त्याहून तिखट शोगाऑल बनतं. म्हणून सुंठ बेताने वापरा. घोळीत ऑक्झलेट असतं. मूतखड्याचा त्रास असेल तर ती टाळलेली बरी, इतरांनी उकडून पाणी टाकलं की ते कमी होतं.

ताजी पानं किंवा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला तेच हवं असतं. असं तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

५. घरगुती उपचारात

पानाफुलांचा फांट, मुळांचा आणि सालींचा काढा. कपभर उकळत्या पाण्यात वाळलेली पानं एक छोटा चमचा घालून ५ ते १० मिनिटं झाकून ठेवा, की फांट तयार. झाकण विसरलात तर तेल वाफेबरोबर निघून जातं. काढ्याचं जुनं प्रमाण एका भागाला सोळा भाग पाणी असं आहे, ते आटवून चौथा किंवा आठवा भाग उरवतात.

उष्णतेने काय बिघडू शकतं, याचा नमुना तू योयो या चिनी शास्त्रज्ञ बाईंच्या कामात दिसतो. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात आर्टेमिसिया ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलं होतं. ते वाचून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला, आणि आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध हाती आलं. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. अर्थात ते गवसलं प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनंतर, घरी बरणीत भिजवून नव्हे.

घरी मळमळीला आलं, साध्या सर्दीत घशाला ऊब द्यायला तुळशीचा फांट, एवढ्यावर मी थांबतो. भाजलेल्या जागी लावायला कोरफडीचा गर हवा असेल तर कापलेलं पान थोडा वेळ उभं ठेवून पिवळा चीक गळू द्या. हा चीक जहाल रेचक आहे.

६. कधी थांबावं

छातीत जळजळत असेल तर पुदिना नको, त्याने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते. जेष्ठमध रोज घेतला तर रक्तदाब वाढू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर औषध म्हणून काहीही घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीच देऊ नका. ताप तीन दिवसांवर गेला, श्वास लागला किंवा अंगावर पुरळ उठलं, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठा. जाताना बरणीवरच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन जा. काय घेतलं, हे तोंडी सांगताना निम्मं विसरलं जातं.