आजारी लेकराचं पोट मारू नका: खाऊ घालताना होणाऱ्या या चुका टाळा

पावसाळा लागला की मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्यात, जव्हार-मोखाड्यात घरोघरी लेकरं आजारी पडतात. कुणाला जुलाब, कुणाला ताप, कुणाची छाती भरलेली. नेमकं याच दिवसांत घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि आई दिवसभर शेतावर असते. त्यात घरातलं कुणीतरी वडीलधारं सांगतं, "आता त्याला दोन दिवस काही देऊ नको, पोटाला आराम पडू दे." सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण कितीतरी लेकरांची कुपोषणाकडे घसरण याच दोन दिवसांत सुरू होते.

मोठ्या माणसाचं लंघन निभावून जातं, कारण त्याच्या अंगात साठा असतो. वर्षाच्या लेकराकडे तो नसतो. तापात अंगाची ताकद जास्त खर्च होते आणि आपण तेव्हाच आवक बंद करतो. "खाल्लं की लगेच संडास होते, म्हणजे अन्न तसंच निघून जातंय," असं आया सांगतात. तसं होत नाही. पोटात अन्न पडलं की आतडी हलतात आणि आधीचं बाहेर पडतं. जुलाब चालू असतानाही खाल्लेल्यातला बराचसा भाग अंगी लागतो, शिवाय आतड्याचं अस्तर भरून यायलाही अन्नच लागतं.

वरणाचं पाणी म्हणजे वरण नव्हे

ही चूक सगळ्यात जास्त घरांत होते, आणि ती चूक आहे असं कुणाला वाटतही नाही. वरणावरचं पिवळं पाणी, भाताची पातळ पेज, साबुदाण्याची खळ किंवा चहात बुडवलेलं बिस्कीट हे सगळं "हलकं" म्हणून दिलं जातं. आठ किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी साधारण एक कप मावतं. तो कप पाण्यानंच भरला तर पोट तट्ट फुगतं, लेकरू तोंड फिरवतं आणि घरचे म्हणतात, "खाल्लं की त्यानं." पोट भरलं खरं, पण अंगाला काहीच लागलं नाही.

तपासायची रीत सोपी आहे. शिजवलेलं चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा. भर्रकन ओघळलं तर ते पातळ आहे. चमच्यावर टिकून हळूच घसरलं तर बरोबर. वरणाचं पाणी घेण्याऐवजी तळाची डाळ घ्या, भातात कुस्करा आणि वर एक चहाचा चमचा तेल किंवा तूप सोडा. त्या एका चमचाभर तेलातून साधारण 45 कॅलरी मिळतात आणि पोटात जागाही फारशी अडत नाही. नाचणीची किंवा ज्वारीची दाट पेज, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं, ताजं दही हेही चालतं. केळं आणि दही "थंड" म्हणून खोकल्यात बंद करायची गरज नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र यातलं काहीही नको. त्याला आहार म्हणून फक्त अंगावरचं दूध द्या, आणि आजारात एरवीपेक्षा जास्त वेळा पाजा. "दूध बाधलं" म्हणून पाजणं तोडू नका. आईला सर्दी-ताप असला तरी तिनं पाजावं, आणि तिचंही जेवण कुणी तोडू नये.

ओआरएसचं पाकीट पेल्यात कालवणं

ओआरएस म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायची मीठ-साखरेची पूड. तिचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. लेकरू एवढं पिणार नाही म्हणून अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर ते जास्त खारट होतं आणि अपाय करतं. लिटरच्या बाटलीनं पाणी मोजा, अख्खं पाकीट एकदम घाला आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ संडाशीनंतर 50 ते 100 मिली द्या, त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा देत राहा. दुकानातली गोड, रंगीत पेयं ओआरएसच्या जागी देऊ नका, त्यातल्या साखरेनं जुलाब वाढू शकतात.

सोबत झिंकची गोळी येते. सहा महिन्यांवरच्या बाळाला ती रोज 20 मिलीग्रॅमची, चौदा दिवस द्यायची. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की बहुतेक घरी गोळीही थांबते. तसं करू नका, पूर्ण चौदा दिवस द्या.

खातच नसेल तर

आडवं पाडून, नाक दाबून घास कोंबू नका. घास श्वासनळीत जाऊ शकतो. मांडीवर उठवून बसवा, थोडं-थोडं द्या आणि दर दोन तासांनी पुन्हा विचारा. बाळ छातीला लागतं आणि लगेच सोडून रडतं, तेव्हा अनेकदा नाक चोंदलेलं असतं. मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालून मऊ कापडानं नाक पुसा आणि मग पाजा. तोंड आलं असेल तर तिखट-खारट टाळून गार, मऊ खिचडी द्या. पोट फुगलं म्हणून डागण्या तर कधीच देऊ नका, त्या जखमेत जंतू शिरले तर लेकराच्या जिवावर बेतू शकतं. भुमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, जायचं असेल तर जा, पण त्याचबरोबर आशाताईलाही बोलवा.

ताप उतरला म्हणजे काम झालं, असं नाही

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. ताप गेला की घर पुन्हा कामाला लागतं आणि लेकरू जुन्या दोन वेळांच्या जेवणावर येतं. खरं तर आजारानंतर त्याची भूक उसळून येते आणि गेलेलं वजन भरून काढायची संधी तेव्हाच असते. निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. आई शेतावर असेल तर ते आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या हातात ठेवून जा आणि किती वाट्या द्यायच्या ते सांगून जा. त्याला वेगळी ताटली द्या, एका ताटात भावंडांसोबत जेवताना अशक्त लेकरू मागे पडतं. अंगणवाडीतून मिळणारा टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार, घरात वाटून न टाकता त्यालाच द्या.

दोन आठवड्यांनी अंगणवाडी सेविकेकडून वजन आणि दंडाचा घेर मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण आहे. तेव्हा घरच्या खाण्यावर विसंबू नका. ग्राम बाल विकास केंद्र किंवा पोषण पुनर्वसन केंद्राबद्दल सेविकेला त्याच दिवशी विचारा.

थांबायचं नाही अशी लक्षणं

लेकरू काहीच पीत नाही, सगळं ओकून टाकतं, गुंगीत आहे, डोळे खोल गेलेत, संडाशीत रक्त आहे, आकडी आली, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा. श्वासही मोजा. दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले तर तेवढ्यानंही दवाखाना गाठायला हवा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गाडीतही ओआरएस आणि अंगावरचं दूध चालू ठेवा. बेशुद्ध किंवा आकडी आलेल्या लेकराच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, त्याला कुशीवर वळवून धरा.