खेळण्यातल्या क्वाडकॉप्टरचं कुलूप काढण्याआधी

एच८ मिनीसारखं तळहातावर मावणारं क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचं ड्रोन असेल, आणि त्याच्या चिपचं कुलूप काढून कंपनीच्या फर्मवेअरच्या (चिपमधल्या प्रोग्रामच्या) जागी सिल्व्हरवेअर नावाचं दुसरं फर्मवेअर चढवायचं असेल, तर आधी वरचं झाकण उघडा, सामानाची खरेदी मग. या एकाच नावाखाली हिरवा बोर्डही आला आणि निळाही. दोन्हींवरच्या चिप वेगळ्या, म्हणून फर्मवेअरही वेगळं. चिपवरचा नंबर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. त्याच फोटोत कुठल्या कोपऱ्यात कुठल्या रंगाच्या वायरी आहेत तेही येऊ द्या. तिरक्या कोपऱ्यांतल्या मोटरी एकाच दिशेने फिरतात, कुठली कुठे ते वायरीच्या रंगावरून कळतं, आणि एखादी वायर तुटली की तो फोटोच वाचवतो. स्क्रू आणि काढलेले प्रोपेलर स्टीलच्या वाटीत ठेवा. लादीवर पडलेला स्क्रू मला आजवर फक्त केर काढतानाच सापडला आहे.

सामानासाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोडला पूर्वेला उतरलात की चालत पोचता, पण रविवारी बरीच दुकानं बंद, शनिवारीच जा. एसटी-लिंक व्ही२चा (कॉम्प्युटरवरून चिपमध्ये फर्मवेअर चढवणाऱ्या डबीचा) क्लोन म्हणजे स्वस्त नक्कल, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, डाग नीट बसावा म्हणून फ्लक्स, ३० गेजची वायर, मल्टिमीटर, एवढं पुरतं. एसटी-लिंकच्या पिनांचा क्रम सगळ्या क्लोनमध्ये सारखा नसतो. नेटवरच्या चित्रावर जाऊ नका, हातातल्या डबीवर काय छापलंय ते वाचा.

बोर्डावर वायरी तीनच लावायच्या: एसडब्ल्यूडीआयओ (डेटाची), एसडब्ल्यूसीएलके (क्लॉकची) आणि ग्राउंड. ३.३ व्होल्टची चौथी लावू नका. बोर्डाला वीज त्याच्याच बॅटरीतून द्या. वायरी ज्यांवर सोल्डर करायच्या ते तांब्याचे पॅड मोहरीच्या दाण्याएवढे. माझ्या पहिल्या बोर्डावर सोल्डरचे डाग छान बसले होते, पण टेबलावरून एसटी-लिंक घसरला आणि वायरीसकट तांब्याचा पॅडच उचकटून आला. बोर्ड तिथेच संपला. तेव्हापासून डाग दिला की आधी तिन्ही वायरी चिकटपट्टीने बोर्डाला बांधतो, मग दुसरं टोक एसटी-लिंकला लावतो. पंखाही बंद, कारण वाऱ्याने आयर्नचं टोक थंड होतं. मे महिन्यात हे जिवावर येतं, म्हणून घाम पुसायला पंचा जवळ हवा.

कुलूप काढण्याआधी कॉम्प्युटरवरचं काम संपलेलं असू द्या. सिल्व्हरवेअरची फाइल तुमच्या बोर्डासाठी कंपाइल झालेली (म्हणजे चिपला चालेल अशा रूपात आलेली), एकही एरर नसलेली, समोर तयार हवी. घाई एवढ्यासाठी नको की कंपनीचं मूळ फर्मवेअर चिपमधून वाचताच येत नाही. त्याला वाचनबंदीचं कुलूप आहे. कुलूप काढलं की चिप आतलं सगळं पुसून टाकते. बॅकअपचा प्रश्नच येत नाही. त्यानंतर खेळणं पुन्हा मूळ रूपात येणार नाही, हे ज्याचं खेळणं आहे त्या पोराला आधी सांगा. शिवाय फेब्रुवारी २०२२पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तेव्हा बिघडलं तर दुसरं आणू हा हिशेब धरू नका. कुलूप निघालं की बॅटरी एकदा काढून परत लावा, मगच फाइल चढवा.

बॅटऱ्या दोन तरी चार्ज करून ठेवा. पूर्ण भरलेली ४.२ व्होल्ट दाखवते. फुगलेली असेल तर मोह नको.

रिमोट बयांग प्रोटोकॉलचा हवा, म्हणजे ड्रोनशी बोलायची त्याची भाषा ती हवी. खोक्यातला चालतो, पण हात बसला की अशा अनेक भाषा येणाऱ्या मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूलवाल्या रिमोटकडे मन ओढ घेतंच.

जागा हॉलचीच ठरवा. २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो ड्रोन छंदासाठी उडवायला रिमोट पायलटचं लायसन्स लागत नाही, हे खरं. पण मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात, आणि गच्चीवरून वाऱ्याने पलीकडच्या बिल्डिंगच्या ग्रिलमध्ये गेलेलं खेळणं परत मागायला जायचं म्हणजे लाज वेगळीच.

प्रोपेलर मात्र त्या वाटीतच राहू द्या. लाइट लुकलुकून रिमोटशी जोडणी झाली, थ्रॉटल दिल्यावर चारही मोटरी फोटोतल्यासारख्या, आपापल्या दिशेने फिरल्या, की मग एकेक बाहेर काढा, ए कुठला आणि बी कुठला (दोन उलट दिशांचे) ते बघून.