क्लबच्या हौशी गाण्यांच्या कार्यक्रमात उतरताना

कार्यक्रमाची तारीख जाहीर झाल्यावर सभासद व्हायला गेलात, तर बहुधा गाणी वाटून झालेली असतात. तीन-चार महिने आधी जा, नेहमीच्या बैठकांना हजेरी लावा. नाव देतानाच दोन गोष्टी सांगून टाका: तालमीला कोणत्या वारी येणं जमेल आणि गाण्याशिवाय काय करता येईल. समूहगीत, निवेदन, खुर्च्या-माईकची मांडामांड यांत हात लावणाऱ्याचा विचार एकल गाण्यासाठी आधी होतो, आणि तो व्हायलाच हवा.

गाणं पक्कं करण्याआधी पट्टी, म्हणजे गाणं ज्या सुराला ‘सा’ धरून गायचं तो सूर, पाहा. बहुतेक जण इथेच फसतात. मुखडा (सुरुवातीच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी) मधल्या सुरांत असल्याने सोपा वाटतो, मग अंतरा (पुढचं कडवं) वर चढतो आणि आवाज चिरकतो. म्हणून गाण्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर पेटीवर शोधा. वरचा सूर न ताणता सलग तीनदा लागला आणि खालचा सूर ऐकू येण्याजोगा राहिला, तर ती पट्टी तुमची. कराओके ट्रॅक पेटीवरच्या दोन पट्ट्यांइतका वर-खाली सरकवला तर सहसा खपून जातो. त्यापुढे वाद्यं बेगडी वाजू लागतात. द्वंद्वगीतात पेच मोठा. पुरुषाला बरेचदा काळी एक-दोन (पेटीच्या सप्तकातली पहिली-दुसरी काळी पट्टी) सोयीची, तर स्त्रीला काळी चार-पाच. दोघांनी एकत्र बसून मधली पट्टी गाऊन बघावी. एकाचीही ओढाताण होत असेल, तर गाणंच बदलावं.

शब्द पाठच हवेत. कागदाकडे पाहताना मान खाली जाते आणि तोंड माईकपासून सरकतं. त्याहून जास्त घोळ होतो तो अंतऱ्याच्या उचलीचा, म्हणजे तो नेमका कुठे सुरू करायचा याचा. मधल्या संगीताची आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) मोजून ठेवा. ताल केरवा असेल तर आठ मात्रांचं एक आवर्तन, दादरा असेल तर सहाचं. उचल चुकलीच तर शब्द घाईने कोंबू नका, ती ओळ सोडून पुढची धरा.

माईक ओठांपासून तीन-चार बोटांवर. जाळी मुठीत पकडली किंवा माईकचं तोंड स्पीकरकडे वळलं की शिट्टी वाजते. रंगीत तालमीत गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, म्हणजे मॉनिटर, मागून घ्या. तो नसेल तर सभागृहातून परत येणारा आवाज उशिरा कानावर पडतो आणि गाणं लयीत मागे ओढलं जातं.

ट्रॅक बदललेल्या पट्टीतच, नाव आणि क्रमांक घालून, आदल्या दिवशी ध्वनिव्यवस्थेकडे द्या. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर. फोनवरून वाजवायचाच असेल तर केबल लावा आणि फ्लाइट मोड चालू करा.