१९६७ सालावर लेख लिहायचा झाल्यास

वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या सालाचा मागोवा घ्यायचा असेल, तर मुक्तीचे १९६१ सोडल्यास गोव्यात १९६७ इतके भरगच्च साल क्वचितच सापडेल. मात्र लेखाची सुरुवात निकालापासून करू नये. १६ जानेवारीच्या जनमत कौलात गोवा संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, हे आकडे डोळ्यांसमोर ठेवून लिहू लागले की त्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला यांतले काहीच ठाऊक नव्हते, याचा विसर पडतो.

म्हणून आरंभ डिसेंबर १९६६ पासून करावा. कौल निःपक्षपाती व्हावा यासाठी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ तेव्हा पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट आली. तेथून पुढची वृत्तपत्रे तारखेच्या क्रमाने वाचावीत, आणि ती दोन्ही बाजूंची असावीत: विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा ‘गोमन्तक’ व त्याला विरोध करणारा ‘राष्ट्रमत’. ही दोन्ही दैनिके मराठी होती, आणि उदय भेंब्रे यांचे विलीनीकरणविरोधी ‘ब्रह्मास्त्र’ हे सदरही मराठीतच गाजले. त्यामुळे तो लढा म्हणजे मराठी विरुद्ध कोकणी असा सरळ सामना होता, असे लिहिण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. दमण आणि दीवमध्ये प्रश्न गुजरातमध्ये विलीन होण्याचा होता, ते आकडे यात मिसळू नयेत.

वयोवृद्धांशी बोलताना मोठे शब्द टाळावेत. मी आत्येला त्या काळच्या राजकारणाविषयी विचारले, तेव्हा ‘म्हाका राजकारण कळना रे पुता’ म्हणून ती तांदूळ निवडत राहिली. मग ‘फूल की दोन पाने?’ असे विचारले. फूल हे विलीनीकरणाचे चिन्ह आणि दोन पाने संघप्रदेशाचे. सूप बाजूला ठेवून ती अर्धा तास बोलली: तिच्या वडिलांनी फुलाला मत दिले, काकांनी पानांना, आणि महिनाभर दोघे भाऊ वेगवेगळ्या पंगतीला जेवले. असे बोलणे कोकणीतच टिपून घ्यावे. उल्हास बुयांव यांनी संघप्रदेशाच्या प्रचारात गायलेल्या गाण्यांविषयीही जरूर विचारावे, कारण सभेतले भाषण विसरलेल्या माणसाला गाण्याची ओळ आठवते.

यानंतर लेखाचा खरा गाभा येतो, आणि बहुतेक लेख नेमके तेथेच थांबतात. जानेवारीत विलीनीकरण नाकारणाऱ्या गोव्याने मार्चच्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणाचीच मागणी करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा दिल्या, विलीनीकरणविरोधी युनायटेड गोअन्स पक्षाला १२ मिळाल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. याला विसंगती म्हणून मोकळे होऊ नये. गोवा वेगळा राहावा का, हा एक प्रश्न होता. खेड्यात प्राथमिक शाळा काढणारे आणि बहुजन समाजाला सत्तेजवळ नेणारे सरकार कोणाचे असावे, हा दुसरा. माझ्या मते मतदारांनी या दोन प्रश्नांना दोन स्वतंत्र उत्तरे दिली, आणि लेखाची निम्मी जागा या तीन महिन्यांसाठी राखून ठेवावी.

मसुदा छापण्यापूर्वी तो दोन्ही बाजूंच्या घरांत वाचून दाखवावा. माझ्या मसुद्यात आत्येच्या वडिलांविषयी ‘हरलेल्या पक्षाचे मतदार’ असे शब्द होते. ते तिने खोडायला लावले, कारण मार्चमध्ये त्यांनी सिंहावर, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या चिन्हावर, शिक्का मारला होता आणि त्या रात्री घरात पुन्हा एकच पंगत बसली होती.