रीपरमध्ये आवाज तडतडतो, प्लगइन उघडत नाही: शोध कुठून सुरू करायचा

मी भजनी मंडळांची आणि नव्या गायकांची रेकॉर्डिंग्ज रीपर या संगणकावरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर करतो. समोर पेटी-तबलावाले खोळंबलेले असताना प्लेबॅक तडतडू लागला की चार सेटिंग्ज एकदम फिरवायचा मोह होतो. तो आवरा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे दुरुस्त झालं हे कधीच कळणार नाही.

आधी प्रोजेक्ट वेगळ्या नावाने सेव्ह करा. मग नवा रिकामा प्रोजेक्ट उघडून त्यात एकच वेव्ह फाइल टाका आणि एकही इफेक्ट न लावता वाजवा. इथेही तडतड झाली तर दोष डिव्हाइसकडे, म्हणजे माइक-हेडफोन जोडायच्या ऑडिओ इंटरफेसकडे किंवा त्याच्या सेटिंग्जकडे आहे. स्वच्छ वाजलं तर प्लगइनकडे, म्हणजे इफेक्टसाठी रीपरला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरकडे वळा.

डिव्हाइसचं बघताना रीपरच्या खिडकीत वर उजव्या कोपऱ्यात नजर टाका. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने), बफर (एका वेळी किती नमुने हाताळायचे), ड्रायव्हर सगळं तिथे लिहिलेलं असतं. तिथेच क्लिक केलं की सेटिंग्ज उघडतात. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (कमी उशिराने आवाज पोहोचवणारा) ड्रायव्हर निवडा. ४८००० सॅम्पल रेटला १२८ चा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंदांचा उशीर, तर १०२४ चा म्हणजे २१. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज सॉफ्टवेअरमधून ऐकवत असाल तर १२८ ठेवा. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंगला बसलात की १०२४ करा, संगणकाला जास्त सवड मिळते. निम्म्याहून जास्त तडतड एवढ्यानेच थांबते, असा माझा अनुभव आहे.

गाणं अचानक संथ आणि खालच्या पट्टीत ऐकू आलं तर सॅम्पल रेट तपासा. ४८००० चा आवाज इंटरफेस ४४१०० ने वाजवत असेल तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने (सेमिटोनने) उतरतो. काळी चारमध्ये गायलेलं काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मध्ये कुठेतरी लटकतं, कुठल्याच पेटीशी जुळत नाही. ब्राउझर, व्हिडिओ कॉल वगैरे बंद करा. मग ऑल्ट+एंटर दाबून प्रोजेक्टचा रेट आणि इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमधला रेट एकच करून घ्या.

आता प्लगइन. कंट्रोल+ऑल्ट+पी दाबलं की परफॉर्मन्स मीटर उघडतो आणि कुठला ट्रॅक किती सीपीयू खातोय ते दिसतं. बहुतेकदा एखादा जड रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) सापडतो. तो प्रत्येक ट्रॅकवर लावण्याऐवजी एका वेगळ्या ट्रॅकवर ठेवून सेंडने, म्हणजे बाकीच्या ट्रॅकचा आवाज तिकडे पाठवून वापरा.

प्रोजेक्ट उघडतानाच रीपर बंद पडत असेल तर फाइल उघडायच्या खिडकीतच खाली इफेक्ट ऑफलाइन ठेवून उघडायचा पर्याय असतो, त्यावर टिक करा. बायपास आणि ऑफलाइन यांत फरक आहे: बायपास केलेलं प्लगइन मेमरीत बसूनच असतं, ऑफलाइन केलेलं खरोखर बाहेर जातं. प्रोजेक्ट उघडला की एकेक प्लगइन ऑनलाइन करत जा. ज्याच्यापाशी रीपर पडेल तेच गुन्हेगार. ते वापरणं भागच असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज'मधून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा. मग ते कोसळलं तरी सहसा बाकीचा प्रोजेक्ट वाचतो.

प्लगइन यादीतच नसेल तर प्रेफरन्सेसच्या व्हीएसटी (प्लगइनचा एक प्रकार) पानावर जाऊन कॅशे, म्हणजे आधी साठवलेली यादी पुसून पुन्हा स्कॅन करा. व्हीएसटी३ विंडोजमध्ये कॉमन फाइल्सच्या आतल्या ठरलेल्या फोल्डरात बसतं. जुन्या व्हीएसटी२ चा फोल्डर मात्र प्रत्येकाच्या संगणकावर वेगळा असू शकतो, त्याचा पत्ता तिथे हाताने द्यावा लागतो.

दुसऱ्याकडून आलेल्या प्रोजेक्टमध्ये एखादं प्लगइन सापडलं नाही म्हणून ते ट्रॅकवरून काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. रीपर त्याची सेटिंग्ज जपून ठेवतो. तेच प्लगइन नंतर इन्स्टॉल केलंत की सगळं होतं तसं परत येतं. काढून सेव्ह केलंत तर समोरच्याची मेहनत गेली. तुम्ही स्वतः प्रोजेक्ट पाठवताना प्रत्येक ट्रॅक इफेक्टसकट रेंडर करून, म्हणजे त्याची ऑडिओ फाइल बनवून सोबत द्या.