दोन अंकी संख्या: एकाच वर्गातील वेगवेगळ्या मुलांना शिकवताना

दुसरीच्या वर्गात ‘पंचवीस’ लिहायला सांगितले की तीस पाट्यांवर तीन-चार प्रकारची उत्तरे हमखास दिसतात. बरीच मुले २५ लिहितात, काही ५२ लिहितात, एखाद्या पाटीवर २०५ असते आणि एखादे मूल ओठांतल्या ओठांत एकवीसपासून म्हणत पंचवीसपर्यंत येते व तोवर पुढची संख्या सांगून झालेली असते. २५ न लिहिणाऱ्या या तिन्ही प्रकारच्या मुलांना ‘कच्चे’ म्हणून एका रांगेत बसवून एकसारखी उजळणी करून घेणे ही आपली जुनी सवय आहे. पण यांतील प्रत्येकाची अडचण वेगळी आहे आणि ती कोणती हे त्याने केलेल्या चुकीतच लिहिलेले असते. म्हणून शिकवण्याची सुरुवात पाट्या पुसायला सांगण्यापूर्वी त्या नीट वाचण्यापासून करावी.

५२ लिहिणारे मूल कानाशी प्रामाणिक आहे. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर. त्याने ऐकले त्या क्रमाने लिहिले. मराठीत अकरापासून नव्याण्णवपर्यंत हीच उलट चाल आहे, आणि तिच्यातही एकसारखेपणा नाही: दोनासाठी ‘बावीस’, ‘बत्तीस’, ‘बेचाळीस’, ‘ब्याऐंशी’ अशी रूपे बदलत जातात, पन्नाशीत ‘बावन्न’ म्हटल्यावर पुढे ‘त्रेपन्न’ येते, आणि ‘एकोणतीस’ या शब्दात नवाचा उच्चार कुठेच नसतो, उलट जो दशक अजून आलेला नाही त्याचे नाव असते. त्यामुळे ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणारे मूल निष्काळजी नसून शब्दाच्या मागे गेलेले आहे. गंमत अशी की ८९ पर्यंत पाळलेला हा ‘एकोण’चा नियम ‘नव्याण्णव’ला मोडतो.

सर्वांसाठी पहिले काम हाताचे. खराट्याचे हीर, तुरीच्या काड्या किंवा आईसक्रीमच्या काड्या, जे मिळेल ते प्रत्येक जोडीला साठ-सत्तर तरी द्यावे, आणि दहा-दहा काड्या मोजून रबर लावून जुडी बांधण्याचे काम मुलांनीच करावे. तयार जुड्या वाटण्याचा मोह वेळ वाचवण्यासाठी होतो, पण तो टाळावा, कारण ज्याने स्वतः दहा मोजून बांधले नाहीत त्याला ‘एक दशक’ हा फक्त एक जाड तुकडा वाटतो. मग ‘पंचवीस दाखव’ म्हटल्यावर मूल दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या ठेवते. येथे लगेच अंकांकडे धावू नये. आधी त्याला ‘किती जुड्या, किती सुट्या?’ असे विचारून ‘दोन जुड्या, पाच सुट्या, पंचवीस’ असे तोंडाने म्हणू द्यावे. एकोणतिसासाठी तीन जुड्या ठेवून ‘यातली एक काडी मला दे’ असे सांगावे. ती काडी काढण्यासाठी जुडी सोडावी लागते, दोन जुड्या आणि नऊ सुट्या समोर उरतात, आणि ‘एक उणे तीस’ हा अर्थ मुलाच्या हातात येतो. माझ्या मते एकोणवाल्या संख्यांसाठी याहून चांगला धडा नाही.

काड्यांनंतर चित्र: वहीत जुडीसाठी उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी टिंब. चित्रानंतर अंक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात कृती, प्रतिमा आणि चिन्ह या तीन रूपांतून मूल ज्ञान धरून ठेवते असे मांडले होते, आणि आपल्या वर्गातला हा काडी-रेघ-अंक असा प्रवास त्याच वाटेचा आहे. फरक एवढाच ठेवावा की एखादे मूल अंकांपर्यंत पोहोचले म्हणून त्याच्यासमोरून काड्या उचलू नयेत. अडले तेव्हा मागे जाण्याची वाट उघडी राहिली पाहिजे.

दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी ही काड्यांनंतरची पायरी आहे. जुडीत दहा काड्या डोळ्यांना दिसतात, नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ते मानावे लागतात. बाजारात आईबरोबर बसणारे मूल मात्र नोटांनीच चटकन शिकते, त्यामुळे त्याला तेथून सुरुवात करू द्यायला हरकत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ या वाचनासोबत ‘वीस एक’ असेही वाचन दिले गेले आणि त्यावरून राज्यभर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली होती. भाषेच्या काळजीने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी समजू शकतो, पण वर्गात उभे राहिल्यावर ५२ लिहिणाऱ्या मुलाला ‘वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस’ असे दोन्ही एका श्वासात म्हणायला लावल्याने त्याचा हात सरळ होतो, हेही खरे आहे. ही पायरी आहे असे समजून वापरावी, आणि ‘पंचवीस’ हा शब्द त्याच वाक्यात प्रत्येक वेळी यावा.

या पायरीचा एक धोका आहे. ‘वीस पाच’ ऐकून काही मुले २०५ लिहितात. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कराव्यात: १० ते ९० या दशकांच्या लांब पट्ट्या आणि १ ते ९ च्या निम्म्या लांबीच्या. २० च्या पट्टीवर ५ ची पट्टी अशी ठेवायची की शून्य झाकले जाईल. शून्य गेले नाही, पाचाच्या खाली लपले आहे, हे मूल पट्टी उचलून पुन्हा पुन्हा पाहते, आणि तसे पाहू द्यावे.

ओठांत मोजत येणाऱ्या मुलाचे पाठांतर चांगले आहे. त्याच्याकडे संख्येची साखळी आहे, पण सुटी कडी उचलता येत नाही. त्याला आणखी उजळणी देऊ नये. शंभराच्या तक्त्यावर आडव्या ओळींऐवजी उभे रकाने वाचायला लावावेत: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. मग सातांचा रकाना: सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस. ज्याचा कान तयार आहे त्याला यातले घराणे ऐकू येते, आणि साखळीशिवाय संख्या ओळखण्याची सुरुवात तेथून होते. बसून न राहवणाऱ्या मुलांसाठी अंगणात खडूने दहा-दहाच्या खुणांची रेषा आखून दहासाठी लांब उडी आणि एकासाठी छोटी उडी असा खेळ घ्यावा. चाळीस आणि तीन म्हणजे चार लांब आणि तीन छोट्या.

अंक उलटे काढणाऱ्या मुलांकडे स्वतंत्र लक्ष द्यावे. देवनागरीतले ३ आणि ६ हे जवळजवळ आरशातले जोडीदार आहेत, एकमेकांकडे पाठ केलेले, म्हणून तर आपण न पटणाऱ्या दोघांत ‘छत्तीसचा आकडा’ आहे असे म्हणतो. ३६ आणि ६३ मध्ये गोंधळणाऱ्या मुलाला हे दोन अंक एकाच दिवशी देऊ नयेत. वाळूत बोटाने ३ गिरवणे चार-पाच दिवस चालू द्यावे, तो पक्का झाला की मग ६ आणावा.

घरची भाषा विचारणे तर फार आवश्यक आहे. सोलापुरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरांतून येणाऱ्या मुलाला तेलुगूत ‘इरवै ऐदु’, कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ अशी दशक आधी सांगणारी संख्या माहीत असते. त्याला घरच्या भाषेत मोजू द्यावे, ती संख्या काड्यांनी मांडून दाखवायला सांगावी, आणि मग त्याच मांडणीला मराठी नाव द्यावे. जे मूल वर्गात मागे वाटत होते ते या वेळी इतरांना समजावून सांगते.

येथे एक सावधगिरी. ‘हा पाहून शिकणारा, ती ऐकून शिकणारी’ अशी नावे मुलांना चिकटवून त्यांचे गट करण्याची पद्धत प्रशिक्षणांत अजून ऐकू येते. २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मुलाच्या ‘शैली’प्रमाणे शिकवल्याने ते अधिक शिकते याला पुरेसा आधार आढळला नाही. म्हणून काड्या, चित्र, उडी, रकाना आणि पट्ट्या या सर्वांतून प्रत्येक मुलाने जावे. कोण कोठे जास्त वेळ थांबतो एवढेच वेगळे असावे.

हे तीस मुलांत करायचे तर चाळीस मिनिटांपैकी पहिली दहा सर्वांनी मिळून एकाच संख्येवर घालवावीत, नंतर जोड्यांना आपापले काम द्यावे आणि शिक्षकाने त्या वेळेत रोज फक्त चार मुलांजवळ बसावे. प्रत्येकाला तीनच गोष्टी विचाराव्यात: काड्यांनी दाखव, अंकांत लिहिलेली वाच, ऐकून लिही. वहीत नावासमोर या तिन्हींच्या खुणा कराव्यात. ज्याला दाखवता येते पण ऐकून लिहिता येत नाही, त्याच्या बाबतीत आधी कानाची शंका घ्यावी. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत वारंवार चुकणाऱ्या, कान वाहणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसवून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा आवर्जून दाखवावे.

काही महिने असे करूनही एखाद्या मुलाला जुडी आणि सुटी काडी यांतला संबंध धरता येत नसेल, तर पालकांशी शांतपणे बोलून त्यांना तज्ज्ञांकडे पाठवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेत डिस्कॅल्क्युलियाचा, म्हणजे गणितातील अक्षमतेचाही समावेश आहे, पण निदान करणे शिक्षकाचे काम नाही आणि तो शब्द वर्गात उच्चारूही नये. पालकांच्या हाती वहीतल्या खुणांची पाने द्यावीत, कारण तपासणाऱ्या तज्ज्ञाला ‘गणितात कच्चा’ या शेऱ्यापेक्षा ‘दाखवतो, वाचतो, ऐकून लिहीत नाही’ ही नोंद जास्त उपयोगी पडते. आणि तपासणी होईपर्यंत त्या मुलाच्या बाकावर काड्यांची पिशवी रोज ठेवलेली असावी.